रेंज नसलेल्या गावचं पुस्तक

मासेरू, १४ मे २०२२

आउसी,

तुझ्या घरी शांती, पाऊस, भरभराट असो. अक्षर कुणाचं हे तू ओळखलं असशील आणि पाकीट चुलीत घालायचा विचारही करून झाला असेल. खुशाल घाल, पण आधी वाच.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिली नाहीस, पण तू थोरली, तुला ते शोभतं. आज लिहितेय ती गरज पडली म्हणून. उगाच मायेचा उमाळा आला असं खोटं सांगणार नाही.

मागच्या आठवड्यात मिशनच्या नर्सिंग शाळेतल्या सिस्टर फेलेंग माझ्या छापखान्यात आल्या. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं, मापित्सोंचं, ते दायांचं पुस्तक हवंय. डोंगरातल्या आरोग्यसेविकांना शिकवायला. कागदावर छापून द्या, पाटीबिटी नको. बर्फ पडलं की तिथे वीजही नसते." मी ऐटीत म्हटलं, "बसा, आत्ता दाखवते." आणि कपाटातून पाटी काढली. तीच काळी, पडद्यावर पुस्तकं वाचायची, कंपनीची, जिच्यावरून आपण दोघी तुझ्या स्वयंपाकघरात शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या भांडलो होतो. चार्ज केली, पुस्तकाच्या नावावर बोट ठेवलं. वर आलं, "हे पुस्तक आता या उपकरणावर उघडता येणार नाही." पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. सिस्टरबाई चहा पीत राहिल्या आणि मी घामाने भिजले.

शाळांना, दवाखान्यांना दिलेल्या चारशे पाट्या होत्या. जिथे जिथे फोन लागला तिथे मी विचारलं. काही फुटल्या, काही हरवल्या, ज्या चालतात त्यांच्यावर हेच वाक्य. कंपनीने पुस्तकांचा साचा बदलला म्हणे. जुन्या साच्यातलं नव्यात उघडत नाही. आपण ते कंपनीच्याच यंत्रणेत टाइप केलं होतं, तीही त्यांनी बंद केली. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. तुझ्या मूळ वह्यांचं तर तुला निरोपाने कळवलंच होतं, छत गळलं त्या वर्षी गेल्या.

चौदा म्हाताऱ्या दाया, आउसी. तू तीस वर्षं नर्स म्हणून डोंगर तुडवलेस आणि एकेकीच्या चुलीशी बसून लिहून घेतलंस. मूल आडवं आलं तर काय करायचं, वार पडली नाही तर काय, रस्ता बर्फाने बंद असताना बाई कशी जगवायची. चौदाही आता मातीत गेल्या. शेवटचं प्रकरण आपल्या आईचं.

आता एकच पाटी उरलीय, तुझी. पित्सो सांगतो की तू ती एकदाही चालू न करता दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवलीस. तुझा लेक थापा मारत नसेल, तर ते झाकण त्याच्याच टॅक्सीतून माझ्याकडे धाडून दे. दुसरं झाकण मी पाठवते.

लिबुसेंग

मासेरू, ३ जून २०२२

आउसी,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. "पाटी आहे. वह्या कुठे आहेत?" सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही तुझा. बरं वाटलं खरं सांगायचं तर. तू तीच आहेस.

वह्यांचं नंतर. आधी हे वाच आणि पित्सोला ताबडतोब सांग की पाटी गाडीत ठेवायची नाही. मीच मागितली होती, आता मीच नको म्हणतेय. माझ्या अकलेचं दिवाळं तुला नवं नाही.

झालं असं. बसस्टँडमागे त्सेको नावाचा माणूस फोन दुरुस्त करतो. त्याला माझी मेलेली पाटी दाखवली. त्याने ती उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "मे, माय, हिच्या पोटात सिमकार्ड कायमचं डकवलेलं आहे. ही रेंजमध्ये आली की आपणहून कंपनीला विचारते, काय हुकूम? कंपनी म्हणते, हे नवीन घे, जुनं विसर. ही विसरते." मी म्हटलं, "मग ते विचारणं बंद कर." तो हसला. "या मॉडेलला ते बटणच दिलेलं नाही. गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून." मी विचारलं, "पुस्तक बाहेर काढता येतं का?" म्हणाला, "कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची. घर तेवढं तुमचं."

म्हणजे तुझी पाटी जिवंत असेल तर एकाच कारणाने. हा-लेफानात रेंज नाही. नऊ वर्षं मी तुझ्या गावाला काय काय म्हणाले ते आठवतं ना? "देवाने हात धुतलेलं गाव," "तिथे बातमीसुद्धा खेचरावर बसून येते." घेतले शब्द परत, सगळे. तुझ्या गावाच्या वर खिंडीत गाडी चढली की पित्सोच्या फोनला रेंज येते. त्या खिंडीत किंवा तिच्यापुढे कुठेही पाटी चालू झाली की संपलं.

तेव्हा ती गावातच उघडायची आणि गावातच उतरवून घ्यायची. केबल सोबत पाठवतेय, दवाखान्याच्या सौर पेटीला लागेल. पित्सोच्या फोनवर पानांचे फोटो काढता आले तर उत्तमच. मी स्वतः आले असते, पण गुडघ्याने दगा दिलाय आणि वर ऐन हिवाळ्याचं बर्फ पडलं असं रेडिओ सांगतो.

वह्या भिजल्या होत्या गं. किती वेळा विचारशील?

लिबुसेंग

मासेरू, १९ जून २०२२

आउसी,

पित्सो रिकाम्या हाताने आला. तुझा निरोप त्याने जसाच्या तसा सांगितला, तुझा आवाज काढून, "वह्यांचं खरं सांगितल्याशिवाय मी दुधावरचं झाकण हलवणार नाही." वर म्हणतो, "मावशी, सांगून टाक. आई विसरत नाही, ती फक्त थांबते."

तर ऐक.

छत गळलं नव्हतं. त्या वर्षी जुन्या गाळ्यातून नव्यात सामान हलवत होते. तुझ्या सहा वह्या खोक्यात होत्या. तुझ्यावरचा राग ताजा होता. तू मला भर स्वयंपाकघरात म्हणाली होतीस, "कागद भिजतो, कागद जळतो, पण कागद कुणाचा हुकूम ऐकत नाही. तू माझ्या म्हाताऱ्या परक्याच्या पेटीत कोंडल्यास." मला ते झोंबलं होतं. खोकं हातात आलं आणि मनात म्हटलं, सगळं पाटीत आहे, आता या मळकट वह्या कशाला. कोपऱ्यावर जी बाई पिठाचे गोळे, माक्वेन्या, तळते, तिला रद्दी हवीच असते. तिला दिल्या. मी स्वतः, माझ्या हाताने.

चार दिवसांनी तिच्याकडूनच मी माक्वेन्या घेतल्या, दोन गरम गोळे. खाता खाता कागदाकडे लक्ष गेलं. तुझं अक्षर. तेलाने आरपार झालेलं, पण तुझंच, ते उजवीकडे कललेलं. मी तशीच उठून पळत गेले. ती म्हणाली, "संपले, माय, छान जाड कागद होता." रस्त्यावर मी उभी होते, तोंडात घास होता आणि तो गिळता येत नव्हता आणि थुंकताही येत नव्हता.

तेवढं एक पान मी जपून ठेवलंय. आईच्या प्रकरणातलं नाही, बाराव्या बाईचं आहे. सोबत पाठवतेय. वास अजून येतो.

छत गळलं असं तुला कळवलं, कारण छतावर रागावता येत नाही. आणि आणखी एक, कंपनीच्या तीन सूचना आल्या होत्या की जुनी पुस्तकं नव्या साच्यात घालून घ्या. मी उघडल्याही नाहीत. जाहिरात असेल म्हटलं. कंपनीला शिव्या घालत मी महिनाभर मासेरूभर फिरले, चोराच्या उलट्या बोंबा त्या.

क्षमा माग म्हणशील तर मागते. पण पुस्तक वाचव. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी.

लिबुसेंग

मासेरू, १० जुलै २०२२

आउसी,

आणि लिमाकात्सो, तूही. कारण आता मला कळलंय की पत्र तूच वाचतेस आणि उत्तरही तूच लिहितेस.

पित्सोने सगळं सांगितलं. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आउसी, दोन वर्षं झाली तुला वाचता येत नाही, हे मला कुणी बोललं नाही. आणि माझं मागचं पत्र चर्चच्या गायनवाल्या लिमाकात्सोने तुझ्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं, तेही मदर्स युनियनच्या तेरा बायका मटार सोलत बसल्या असताना. माक्वेन्यापाशी आल्यावर म्हणे सगळ्यांचे हात थांबले. माझी झाकली मूठ तेरा घरांत उघडी पडली. मी पित्सोला म्हटलं, "मला आता त्या गावात तोंड दाखवायला जागा नाही." तो म्हणाला, "उलट मावशी, आता तुलाच सगळे ओळखतात."

मग तू काय केलंस तेही त्याने सांगितलं. तेलकट पान नाकाशी धरलंस, बराच वेळ. मग उठलीस आणि दुधावरून पाटी काढून पुसलीस.

ती चालू झाली हे ऐकून मी खुर्चीत बसून रडले. खोटं कशाला सांगू, हंबरडा फोडून रडले. शेजारचा शिंपी धावत आला.

फोटो येत नाहीत म्हणतेस, थंडीने पडद्यावर काळे ढग आलेत आणि फोनमध्ये निम्मं पान काळं दिसतं. पण माणसाच्या डोळ्यांना दुपारच्या उन्हात तिरकं धरलं की दिसतं. म्हणून लिमाकात्सो मोठ्याने वाचते आणि बाकीच्या लिहितात, रोज दुपारी, शाळेच्या वह्यांत, एका वेळी तिघीजणी, म्हणजे एकीचं सुटलं तर दुसरीचं सापडेल. ही तिघींची युक्ती कुणाची? मी पस्तीस वर्षं छपाईत आहे, मला सुचली नसती.

आणि त्या मध्येच थांबवतात म्हणे. "असं नाही, माझी आजी हे पाणी कोमट घ्यायची." मग भांडण, मग समासात टीप. पहिल्यांदा मला राग आला, मूळ मजकुराला हात लावायचा नाही असा आमचा धंदा शिकवतो. मग वाटलं, नऊ वर्षं चारशे पाट्यांत पुस्तक पडून होतं आणि त्याच्याशी भांडायला कुणी बसलं नव्हतं.

त्या तेरा जणींना सांग, लिबुसेंग तुमची ऋणी आहे. वह्या आणि पेनं पाठवलीत, साखरही. लिमाकात्सोच्या घशासाठी मध.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. पित्सो म्हणतो की गावावरच्या टेकडीवर फोनचा मनोरा उभा राहतोय आणि एक सप्टेंबरला चालू होणार. गावाचं भलं होईल, मी वाईट चिंतत नाही. पण त्याच्या आत संपवा. चौदा प्रकरणं, सात आठवडे. लिहिणाऱ्या बदला, वाचणारी बदला, पण थांबू नका.

लिबुसेंग

मासेरू, ९ ऑगस्ट २०२२

आउसी, लिमाकात्सो,

पित्सो कालच आला, वह्यांचं गाठोडं घेऊन आणि तोंड पाडून. त्याने सांगायच्या आधीच मला समजलं.

लिमाकात्सो, तू रडतेस असं कळलं. रडू नकोस. तुझ्या हातात पाटी विझली म्हणून तुझा दोष होत नाही. आणि आउसी, तुझाही नाही, जरी मला हसू आवरत नसलं तरी. मनोऱ्याची माणसं तीन आठवडे थंडीत काम करत होती, गावाने त्यांना उपाशी कसं ठेवायचं? मुखियाने मेंढी दिली, तू ती रांधलीस, बायकांनी ज्वारीची बिअर दिली. आणि ते बिचारे इतके तृप्त झाले, की त्यांचा साहेब म्हणाला, "एवढ्या चांगल्या गावाला सप्टेंबरपर्यंत कशाला थांबवायचं?" आणि उपकाराची फेड म्हणून दुसऱ्याच दिवशी दुपारी खटका दाबला. तुझ्या हातच्या रश्श्याने आपलं पुस्तक घालवलं. मासेरूत दुसऱ्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

लिमाकात्सो तेराव्या प्रकरणात होती, तिच्याच पणजीच्या. बाहेर सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले, लोक नाचायला लागले, आणि तिच्या हातातल्या पाटीने एक रेघ काढली, ती रेघ भरत गेली, आणि मग तेच वाक्य. तिघींच्या वह्यांत अर्ध्या ओळीवर पेनं थांबलीत. मी तिन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिलं, तिन्ही एकाच शब्दावर.

बारा प्रकरणं मात्र माझ्या टेबलावर आहेत, तिहेरी. ती कुणाच्या हुकमाने जात नाहीत. मी एकेक पान उलटलं. कुठे डाळीचा डाग, कुठे लहान मुलाने ओढलेल्या रेघा. बारा जणी परत आल्या. तुम्ही आणल्यात. मी घालवल्या होत्या आणि तुम्ही आणल्यात.

तेरावं लिमाकात्सोच्या घरचेच पुरं करतील, तिची आजी अजून आहे. चौदावं आईचं. ते गेलं, असं मी पित्सोला म्हणत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"लिबुसेंग, हे बटण दाबून धरायचं की सोडायचं?"

नऊ वर्षांनी हेच पहिलं वाक्य. ज्या फोनचा तू विजेरी म्हणून वापर करत होतीस त्यातून. मी म्हटलं, "सोड." तर तू फोनच बंद केलास. दुसऱ्यांदा लागला तेव्हा मी आधी तुझे डोळे कसे आहेत ते विचारलं. मग तू म्हणालीस, "आईचं मला बरंचसं पाठ आहे. पेन घे."

घेतलं, आउसी. टेबलावर ठेवलंय, कधीही फोन कर.

लिबुसेंग

मासेरू, २८ ऑक्टोबर २०२२

आउसी,

काल फोनवर तू विचारलंस, रोज बोलतो तर आता पत्र कशाला. याचसाठी की काही गोष्टी तुझ्या तोंडावर बोलताना मला रडू येतं, आणि तू लगेच म्हणतेस, "नाक शिंकर आणि बोल."

आईचं प्रकरण लिहिता लिहिता आपण किती भांडलो. तू म्हणायचीस, मुलगी झाली की आई बापाच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायची आणि मुलगा झाला की काठीने झोडायची, बातमी कळवायची हीच रीत. मी म्हणायचे, आई काठी कधीच घ्यायची नाही, दोन्ही वेळा पाणीच ओतायची, कारण मला तिच्या भिजलेल्या स्कर्टचा वास आठवतो. शेवटी दोन्ही छापलं. "थोरलीच्या मते," "धाकटीच्या मते." सिस्टर फेलेंग म्हणाल्या की हीच दोन पानं विद्यार्थिनींना सर्वांत जास्त आवडली.

मला हे सांगायचंय. आई गेली तेव्हा मी इथे छापखान्यात होते आणि तू तिच्यापाशी. तिचं बोलणं मी कधी नीट ऐकलं नव्हतं, तुझ्या वहीत आहे ना, मग ऐकायचं कशाला, आणि वहीसुद्धा मी ठेवली नाही. यंदाच्या थंडीत, साठी उलटल्यावर, ते तू मला वाक्या-वाक्याने सांगितलंस. जे मला जन्मात पुन्हा मिळालं नसतं ते तू दिलंस, आणि एकदाही म्हणाली नाहीस की तू घालवलं होतंस. मी वाट पाहत होते गं, तू म्हणशील म्हणून.

पुस्तकं झाली. जाड कागद, शिवलेली, ओल्या हाताने उलटली तरी पानं सुटणार नाहीत. कंपनीशी झालेला करार वकीलबाईंनी वाचला, कंपनीने पुस्तक बंद केलं तेव्हाच हक्क तुझ्याकडे परत आले होते. पहिल्या पानावर चौदा नावं, मग तुझं, मग लिमाकात्सोचं आणि तेरा जणींची. माझं शेवटी, छापणारी म्हणून, बारीक टाइपात. तू मोठ्यात घाल म्हणालीस, पण मी ऐकणार नाही. तीनशे प्रती नर्सिंग शाळेला गेल्या आणि शंभराची खोकी मंगळवारी पित्सोच्या टॅक्सीत चढवली.

आणि आज सकाळी त्याचा फोन आला, दात वाजत होते. "मावशी, यांनी मला गावात शिरूच दिलं नाही. मी पहिलं खोकं उतरवलं आणि लिमाकात्सोने मागून येऊन बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. नदीचं पाणी, मावशी. सगळ्या बायका ओरडत होत्या, मुलगी झाली, मुलगी झाली. मी म्हटलं, अहो, मी नुसता ड्रायव्हर आहे."

मग तू त्याच्या हातून फोन घेतलास. मागे हसण्याचा गलका होता. तू म्हणालीस, "हा फुकट भिजला. बाप तिकडे मासेरूत बसलाय. दुसरी बादली भरून दारात ठेवलीय, आणि तिच्यातलं पाणी उन्हाने कोमट व्हायच्या आत ये."

गुडघा दुखतोय, पण पुढच्या शुक्रवारच्या गाडीत जागा धरलीय. टॉवेल घेऊन येते.

तुझी,
लिबुसेंग